रिकामी वाघूर

३ नोव्हेंबर १९९५, शुक्रवार

इंदापूरचे प्रशिक्षण काल संपले. शेवटच्या तासाला पर्यवेक्षक साहेब म्हणाले, आपल्या केंद्रांतली मुले गोष्ट लिहितात, पण ती पंचनाम्यासारखी असते. अमुक गेला, तमुक आला, संपले. गोष्टीत भावना हवी. मुलांना ती शिकवायची तर आधी शिकवणाऱ्याला स्वतःची भावना ओळखता आली पाहिजे. म्हणून रोज दैनंदिनी लिहा आणि शेवटी त्या दिवसाची भावना नोंदवा. बाकीचे हसले. मी येताना वही घेऊन आलो.

माझे अनौपचारिक शिक्षण केंद्र निमगाव केतकीच्या पुढे, फाट्यापासून आत, धनगरांच्या वस्तीवर आहे. दिवसभर शेतात किंवा जनावरांमागे असणारी मुले दिवेलागणीला बिरोबाच्या देवळाच्या ओसरीवर येतात. मी देवळामागच्या खोलीत राहतो. बारावीला इंग्रजीत राहिलो, त्यामुळे डी.एड. हुकले. पण शुद्धलेखनात मला सहसा कोणी चूक दाखवत नाही.

जेवण आबाजींच्या घरी. घरात ते, त्यांची बायको साखरबाई आणि चौथीच्या वयाची नात छकुली. मुलगा-सून पुण्याकडे कामाला असतात. तिघेही फार बोलत नाहीत, पण मी गेलो की छकुली पाट ठेवते.

भावना : उत्साह.

४ नोव्हेंबर, शनिवार

शनिवारी वर्ग नसतो, म्हणजे गावी जाता येते. आमचे पिंपळी इथून एका गाडीवर आहे. पिशवी भरून फाट्यावर गेलो. बारामती गाडी आली, पण गर्दी होती. कंडक्टर दारातून ओरडत होता, "चला गुरुजी, मागं सीटं मोकळी हायती." पण मागच्या सीटवर धक्के फार बसतात. परत आलो.

दिवाळीत गेलो होतो तेव्हा माझ्या खोलीत खताची पोती रचलेली होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी काय आता हितं ऱ्हात न्हाई, म्हनून ठिवली." बरोबर आहे. खत ओले झाले की दगड होते. मी पडवीत झोपलो. हवा चांगली होती. दादा उसाच्या तोडीच्या गडबडीत होता, त्यामुळे बोलणे झाले नाही.

संध्याकाळी साखरबाईंनी नेहमीसारखे ताट वाढले. गावी का गेला नाहीत, असे कोणी विचारले नाही. ते बरे झाले, नाहीतर गर्दीचे सगळे सांगत बसावे लागले असते.

भावना : समाधान.

८ नोव्हेंबर, बुधवार

भावनांचा तक्ता तयार केला. आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य. प्रत्येक शब्द वेगळ्या रंगाच्या खडूने लिहिला. 'दुःख'मधला विसर्ग सर्वांकडून गिरवून घेतला. मग नियम दिला : प्रत्येक घटनेनंतर एक भावनेचे वाक्य आलेच पाहिजे.

शंभूराजने लिहिलेली गोष्ट अशी :

"आमची म्हैस व्याली. मला फार आनंद झाला. रेडकू मेले. मला फार दुःख झाले. आईने खरवस केला. मला फार आनंद झाला. तो ताईने जास्त खाल्ला. मला फार राग आला."

नियमाप्रमाणे सर्व बरोबर आहे. मी त्याला 'उत्तम' दिले. तरी वाचून झाल्यावर मी वही बराच वेळ हातात धरून बसलो. काहीतरी राहिले आहे असे वाटते. काय ते सापडत नाही.

भावना : नक्की ठरवता येत नाही. चिंता लिहितो.

१३ नोव्हेंबर, सोमवार

आज मोठी फजिती झाली. मुलांना घरी सांगून पाठवले होते की, आईला विचारून या, तिला सर्वांत जास्त दुःख कधी झाले. वर्ग सुरू होतो न होतो तोच शंभूराजची आई ठमाबाई हातातल्या विळ्यासकट ओसरीवर.

"गुर्जी, कोन मेलं?"

मी म्हणालो, कोणी नाही.

"मग ह्ये पोरगं सांच्यापारी माज्या म्होरं बसून इचारतंय, आय, तुला कवा रडू आलं, तुला कवा रडू आलं! मला वाटलं भावाचा सांगावा आला आन् पोरगं कसं सांगावं म्हनून घोळतंय. मी चुलीवरनं उठले, पातेलं लवंडलं, समदं कालवण राखत!"

मुले खो खो हसली. मी अभ्यास समजावून सांगितला. ठमाबाई विळा खाली ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आसलं मानसाला तोंडावर इचारत्यात व्हय? तुमच्यात इचारत्यात?"

मी आठवून पाहिले. आमच्या घरात मला कोणी असे विचारल्याचे आठवले नाही. "नाही," म्हणालो.

"मग?" म्हणाल्या आणि विळा उचलून गेल्या.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

ठमाबाईंच्या बोलण्यावर विचार केला. विचारायचे नसेल तर मुलांना कळायचे कसे? शेवटी अभ्यास बदलला. आजपासून विचारायचे नाही, फक्त बघायचे. घरातले एखादे माणूस काही न बोलता काय करते, हात काय करतात, कुठे थांबते, ते लिहून आणायचे. त्याला वाटते काय ते मागाहून आपण मिळून ठरवू.

छकुलीने विचारले, "रोज करतंय त्ये चालंल का?"

म्हणालो, चालेल.

भावना : थोडी आशा.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आज गाडीत बसलो. लासुर्ण्यापर्यंत गेलो. तिथे गाडी थोडी थांबते. लक्षात आले की खोलीची खिडकी उघडी राहिली असावी आणि वारा सुटला तर तक्ता फाटेल. उतरून उलटी गाडी धरली. खिडकी लावलेली होती, पण खात्री केलेली बरी.

साखरबाईंकडे भाकरी तव्यावरच होती. चार पानांची तयारी दिसली. त्यांना अंदाज कसा येतो कोण जाणे.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

छकुलीने गोष्ट आणली. मी जशीच्या तशी उतरवून ठेवतो, फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारून.

"आमची मेंढरं पाडव्याला इकली. दिवस मावळला की आबा वाघूर घेतो. जिथं मेंढरं बसायची त्या वावरात जातो. आजी मेख धरते, आबा हाणतो. चारी बाजूला जाळी लागली की आबा आत बघतो. एका कोपऱ्यातनं कोकरं निसटायची. तिथं आबा धोंडा ठेवतो. आत काय न्हाय. सकाळी आबा जाळी सोडतो आणि झटकतो. आजी म्हणते, च्या झालाय. आबा म्हणतो, आलो."

वाघूर म्हणजे मेंढरे रात्री कोंडायची जाळी. मी त्या वावराजवळून रोज येतो-जातो. जाळी ताणलेली पाहतो. मला वाटे, मेंढरे मागाहून येत असतील.

पुन्हा पुन्हा वाचली. चांगली आहे. पण तक्त्यातला एकही शब्द तिच्यात नाही. साहेब पुढच्या मंगळवारी येणार आहेत, मुलांकडून गोष्टी वाचून घेणार आहेत, आणि केंद्र पुढे चालवायचे की नाही ते त्यावर ठरवणार आहेत. भावनेचे वाक्य नसले तर म्हणतील, पुन्हा पंचनामाच. म्हणून मी शेवटी लाल शाईने एक वाक्य घातले :

"मेंढरे नसल्यामुळे आबांना फार दुःख होते, आपले कोणी उरले नाही असे त्यांना वाटते, पण ते कोणाला सांगत नाहीत."

वाक्य एका दमात सुचले. एरवी मला खाडाखोड करावी लागते.

छकुली म्हणाली, "गुर्जी, आबा आसं न्हाय म्हनला."

"तो म्हणणार नाही. ते आपण ओळखायचे."

"मग तुमास्नी कसं कळलं?"

मी फळा पुसायला घेतला.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस फार चांगला गेला.

साहेब मोटारसायकलवर आले. सगळी वस्ती ओसरीवर जमली होती. आबाजींना पुढे बसवले होते. त्यांनी पटका नवा बांधला होता. नात वाचणार म्हणून साखरबाईही बायकांत येऊन बसल्या. शंभूराजने खरवसाची गोष्ट वाचली, सगळे हसले. ठमाबाई मोठ्याने म्हणाल्या, "ताईनं न्हाय, त्यानंच खाल्ला समदा."

मग छकुली उभी राहिली. तिने 'वाघूर' शब्द वाचला आणि कोणी हलले नाही. मला वाटले, किती छान ऐकताहेत. "आलो" इथपर्यंत वाचून ती थांबली आणि माझ्याकडे पाहिले. मी बोटाने खूण केली की पुढे आहे. तिने लाल वाक्य भरभर वाचून टाकले.

साहेबांनी टाळी वाजवली. बाकी कोणी वाजवली नाही. खेड्यात तशी पद्धत नसते. साहेब म्हणाले, "वा! शेवटच्या वाक्यात सगळं आलं. ह्याला म्हणतात भावना. सुदाम, पंधरा तारखेला इंदापूरला ये आणि बाकीच्यांना सांग कसं शिकवलंस." मग आबाजींना म्हणाले, "आजोबा, तुमचं दुःख किती सुंदर लिहिलंय पोरीनं!"

आबाजी उठले. "सायबाला च्या द्या," असे कोणाला तरी सांगितले आणि पायऱ्या उतरून गेले. जनावरांचे काही काम असेल. बायका पदर सावरून जमिनीकडे बघत होत्या.

केंद्र चालू राहणार. दादाला कळवायला हवे.

भावना : आनंद.

२९ नोव्हेंबर, बुधवार

काल रात्रीचे जेवण झाले नाही. साहेबांच्या चहाने भूक नव्हती. आज गेलो तर दार लोटलेले होते. साखरबाई आतून म्हणाल्या, "आज चूल न्हाय पेटवली, गुर्जी." बाहेर मात्र धुराचा वास होता. शेजारच्या घरचा असणार. खोलीवर खिचडी केली.

छकुली वर्गाला आली नाही.

२ डिसेंबर, शनिवार

फाट्यावर गेलो. गाडी आली, गेली. आज गर्दीही पाहिली नाही. परत येताना आबाजींच्या दारावरून आलो. कोणी "या" म्हणाले नाही. मी थोडा खोकलो. मग खोलीवर आलो आणि सोमवारचा धडा मोठ्याने वाचला.

५ डिसेंबर, मंगळवार

वावरात वाघूर नाही. मला वाटते, गेल्या मंगळवारपासूनच नसावी. आज दिवस मावळताना मुद्दाम त्या वाटेने गेलो. आबाजी बांधावर बसले होते. हात मोकळे होते. मी "राम राम आबा" म्हणालो. त्यांनी मान हलवली. साखरबाई घराच्या दारात उभ्या होत्या, इकडे न येता.

ठमाबाई शेळीला पाला काढत होत्या. त्यांना विचारले, आबाजींची तब्येत बरी आहे ना, वाघूर दिसत नाही.

त्यांनी पाला खाली टाकला.

"वाघूर पुतन्याला दिली. परवा त्याची मेंढरं हितनं म्होरं गेली, त्याच्या घोड्यावर टाकून दिली. चांगली दणकट जाळी, आबाजीनं सोता इनलेली."

"का दिली?"

"गुर्जी, आमी काय आंधळी व्हतो? पाडव्यापासनं समदी वस्ती त्या वावराकडनं जातीया. बारकी पोरंसुदीक बगत व्हती. कुनी इचारलं? लावत व्हता तवर त्ये काम व्हतं. मेख हाना, जाळी ताना. मानूस सांच्याला काम करतंय म्हटल्यावर कोन काय म्हननार? तुमी चारचौघांत त्याचं दुख केलं. आता उद्याच्याला त्यानं मेख हातात धरली तर लोक काय म्हनतील? दुख झालंय म्हनून लावतंय म्हनतील. आसं आयकत कोन मेख हानंल?"

मी म्हणालो, पण छकुलीने तर आधीच सगळे लिहिले होते. मी फक्त शेवटचे...

"पोरीनं बगितलं त्ये लिव्हलं. त्ये वाचलं तवर म्हातारा बसला व्हता का न्हाय? बसलाच व्हता की. तुमच्या वळीला उठला."

खरे आहे. "आलो" वाचले तेव्हा आबाजींच्या चेहऱ्यावर एक थोडेसे हसू होते. मी ते पाहिले होते. लिहायचे राहिले.

६ डिसेंबर, बुधवार

तक्ता भिंतीवरून काढला. मुलांनी विचारले, आता कोणती भावना लिहायची? मी म्हणालो, सध्या कोणतीच नको. फक्त काय झाले ते लिहा, आणि आपल्याला वाटते ते शेवटचे वाक्य सोडून द्या. शंभूराजने विचारले, "पानी वाहून जायाच्या आदी चारीचं तोंड बंद करत्यात तसं?" मी म्हणालो, बहुतेक तसेच.

माफी मागायला जावे असे रोज वाटते. तीन वेळा दारापर्यंत जाऊन आलो. काय बोलायचे ते कागदावर लिहून पाहिले, पण जे लिहितो त्यात पुन्हा ते वाक्यच येते. 'आपणांस दुःख झाले याचे मला दुःख आहे.' फाडून टाकले.

दोन महिन्यांत मी त्या घरात काय बोललो ते आठवत होतो. "पुरे," "नको," "झाले." तेवढेच. तरी आता संध्याकाळ फार लांबते.

१५ डिसेंबर, शुक्रवार

इंदापूरला बैठक झाली. साहेबांनी माझी ओळख करून दिली. मी छकुलीची गोष्ट वाचली आणि "आलो" इथे वही मिटली.

साहेब म्हणाले, "शेवटचं वाक्य राहिलं."

"ते तिचं नव्हतं, साहेब. मी घातलं होतं."

"मग घातलंस ते चांगलंच केलंस की. त्याच्याशिवाय ह्यात भावना कुठंय? म्हातारा जाळी लावतो, म्हातारी मेख धरते. पुढं?"

मी एवढेच म्हणालो की, वाचणाऱ्याला धोंडा दिसला तर पुरे आहे. साहेब म्हणाले, "कसला धोंडा?" काही जण हसले. मागच्या बाकावरच्या एक बाई मात्र म्हणाल्या, "कोकरं निसटायची त्या कोपऱ्यातला." मग साहेबांनी हजेरीपत्रकांचा विषय काढला. चहाच्या वेळी म्हणाले, मार्चनंतर केंद्राचे काय करायचे ते बघू.

संध्याकाळच्या गाडीने परत आलो. पिंपळीची गाडी शेजारीच उभी होती.

१९ डिसेंबर, मंगळवार

आज वर्ग सुटल्यावर आबाजींकडे गेलो. कागद नेला नाही.

ते अंगणात बाजेवर बसून दोर वळत होते. मी उभा राहिलो. म्हणालो, "आबा, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

सांगायला गेलो असतो तर पुन्हा नाव घ्यावे लागले असते.

"पोरीनं चांगलं वाचलं," आबाजी म्हणाले. "बसा."

बसलो. त्यांनी दोराचे दुसरे टोक माझ्या हातात दिले. ते पीळ देत होते, मी ताणून धरले होते. मग ते दोराकडेच बघत म्हणाले, "शनवारी तुमी पिशवी घिऊन फाट्यावर जाता."

माझ्या हातातला दोर सैल पडला.

"दिवाळीपास्नं बगतोय. जाता आन् माघारी येता."

अंगण एकदम मोठे वाटू लागले. दारात छकुली उभी होती, आत साखरबाई पीठ मळत होत्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होते. रोज ताट वाढणाऱ्या हातांना, देवळासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला. आता आबाजी विचारणार, आणि मला सांगावे लागणार, सगळ्यांसमोर.

"गाडीला," मी म्हणालो, "गर्दी असते."

आबाजींनी पीळ दिला. माझ्याकडे वर पाहिले नाही.

"असती," ते म्हणाले. "शनवारची लय गर्दी असती. मानसाला पाय ठिवाय जागा नसती. म्हनून म्हातारी त्या दिशी चौघांचं पीठ मळती." मग म्हणाले, "दोर ताना. सैल झाला."

मी ताणला.

रात्र चढली तेव्हा छकुलीने पाट ठेवला. चौघे बसलो. साखरबाईंनी काही न विचारता दोन भाकऱ्या कुस्करल्या, वर दूध ओतले, आणि ताट माझ्यापुढे सरकवले. मी खाली मान घालून जेवू लागलो. आबाजी आवाज करत दूध ओरपत होते.

छकुली वाकून माझ्या तोंडाकडे बघत होती. "आजे," ती म्हणाली, "गुर्जींच्या डोळ्यातनं..."

"गप जेव," साखरबाई म्हणाल्या. "कालवण तिखट झालंया आज."